त्राउडेने वाचवलेला कैसर

एडेलत्राउड नोवोटका पहाटे साडेतीनला उठे. गजर ती लावत नसे. गजराने तिचा नवरा एवाल्ड जागा झाला असता, जागा झाला की खोकला असता, आणि एकदा खोकला की उजाडेपर्यंत थांबला नसता. अंधारातच ती लोकरीचे मोजे चढवी, गुडघ्यांना पट्ट्या बांधी, स्वयंपाकघरात उभ्याने चरबी लावलेला पाव खाई आणि ट्रामच्या डेपोकडे चालत निघे. पहिली गाडी सुटायच्या आत सगळ्या गाड्या पुसून व्हाव्या लागत. ट्राम धुणाऱ्या बाईला कामावर न्यायला ट्राम नसते.

वस्तीत तिला सगळे त्राउडे म्हणत. आमची दोन घरे एका भिंतीची. मी कोक भट्टीवर नळ जोडणारा होतो, निम्मे आयुष्य गुडघ्यांवर गेले. त्यामुळे तिचे काम मला कळत होते. लांब दांड्याने उभ्याउभ्या फरशी पुसणारे लोक असतात. त्यांच्या गाडीत बाकाखाली हात घालून बघा. त्राउडे बाकाखाली शिरायची. चिकटलेले च्युइंगगम पत्र्याच्या पात्याने खरवडायची. हिवाळ्यात लोकांच्या बुटांबरोबर रस्त्यावरची खडी आणि मीठ गाडीत येते, त्यावर गुडघे टेकून. डॉक्टरने तिला सांगितले होते की गुडघ्यात वंगण उरलेले नाही, हाडावर हाड घासते आहे. ती म्हणाली, "मला ऐकू येतं ते."

घरी आली की दुसरी पाळी सुरू व्हायची. ती टाकीची.

एवाल्ड खाणीत दगड फोडायच्या कामावर होता. दगडाच्या धुळीने त्याची छाती आतून सिमेंटसारखी झाली. पेन्शन मिळाली, खिडकीजवळची खुर्ची मिळाली. आमच्याकडे असा माणूस कबुतरे पाळतो. पण कबुतरांसाठी माळ्याचा जिना चढावा लागतो. एवाल्डने मासे पाळले. तेही गोड्या पाण्यातले साधे नव्हेत, समुद्रातले. सोफ्याएवढी लांब टाकी त्याने पुढच्या खोलीत बसवून घेतली. मिठाची पोती यायची. तळघरात पिंपात ते मीठ पाण्यात कालवायचे, एक दिवस मुरू द्यायचे, मग बादल्यांनी वर आणायचे. कालवायची त्राउडे, आणायची त्राउडे. एवाल्ड खुर्चीतून काठीने दाखवायचा. "सांडू नकोस. हळू. हळू म्हटलं की हळू." आणि पाहुण्यांना सांगायचा, "हा समुद्र मी केला."

त्याच्या पेन्शनमध्ये भाडे आणि जेवण भागे. मीठ, वीज, दिवे, मासे, माशांचे खाणे हे त्राउडेच्या पगारातून. म्हणजे ती ट्राममध्ये गुडघे टेकत होती ते टाकीसाठी. हे सगळ्या वस्तीला ठाऊक होते आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते.

टाकीत राजा एकच होता. कैसर, म्हणजे सम्राट. हा मासा लहान असतो तेव्हा गडद निळा, अंगावर पांढरी वर्तुळे. मोठा होताना वर्तुळे जातात आणि पिवळे पट्टे येतात, डोळ्यांवर काळी पट्टी. एवाल्डने तो अंगठ्याएवढा असताना आणला होता. आता तो पसरलेल्या पंजापेक्षा मोठा होता. आमचे हेर्ने गाव सोडाच, शेजारच्या बोखुम शहरापर्यंत कोणाकडे तसा नव्हता. आमच्या मत्स्यमंडळाच्या, म्हणजे हौसेने मासे पाळणाऱ्यांच्या मंडळाच्या, प्रदर्शनाच्या दिवशी लोक घरी येऊन टाकीपाशी आदराने टोप्या काढत.

ऑक्टोबरात एवाल्ड दवाखान्यात जाऊन आला. घाबरला होता. दवाखान्यातून आलेला माणूस काहीही कबूल करतो. तेव्हाच बोखुमचे दंतवैद्य टेरहोर्स्ट टाकी बघायला आले. त्यांना आपल्या दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या खोलीत ठेवायला तयार, मुरलेली टाकी हवी होती.

"काच, दिवे, खडक, सगळं घेतो," ते म्हणाले. "पण हा मासा असेल तरच. पेशंटला दात विसरायला लावेल असा तोच आहे."

एवाल्डने हात पुढे केला; आमच्याकडे दिलेला हात म्हणजे दिलेला शब्द. मी आणि मंडळाचा अध्यक्ष अल्फॉन्स प्शिबिला तिथेच होतो. प्रायश्चित्ताच्या बुधवारनंतर दुसऱ्या शनिवारी टाकी न्यायचे ठरले. दंतवैद्य गेल्यावर त्राउडे म्हणाली, "मग नव्या वर्षापासून मी डेपो सोडते."

"सोड," एवाल्ड म्हणाला. "मासे नसतील तर तुझ्या पगाराचं मी काय लोणचं घालू?"

तिने दुसऱ्याच दिवशी डेपोत सांगून टाकले. तिथल्या मुकादमाने तिच्या जागी बाई शोधायला घेतली.

प्रायश्चित्ताचा बुधवार नोव्हेंबरात येतो. तो प्रोटेस्टंटांचा, आमची वस्ती बहुतेक कॅथलिक, पण सुट्टी सगळ्यांना. दुकाने बंद, माणसे घरी. ट्राम मात्र धावतात, म्हणून त्राउडे कामावर गेली होती.

सकाळी माझ्या भिंतीवर काठीचे ठोके पडले. एवाल्ड बोलावत होता. मी गेलो तर दारातच कुजक्या अंड्यांचा वास नाकात शिरला.

झाले होते ते असे. पंपाच्या वायरवर मिठाचे बारीक पापुद्रे चढत गेले होते. पहाटे कधीतरी पंप जळला आणि त्याच्याबरोबर खोलीचा फ्यूज उडाला. पाणी हलायचे थांबले. हीटर बंद, दिवा बंद. खाऱ्या पाण्यात मुळातच हवा कमी मुरते. ते स्थिर झाले की मासे गुदमरतात. एवाल्ड उठला तेव्हा मासे वर येऊन पाण्याच्या कडेला तोंडे उघडत होते. जळालेल्या पंपाची पिन त्याने काढली, फ्यूज घातला. इथवर बरोबर. मग त्याने टाकीखालचा मोठा बंद डब्याचा फिल्टर सुरू केला.

तो खाणीतला माणूस. खाली पंखा थांबला की आधी पंखा सुरू करायचा, बाकी सगळे मागून, हे त्याच्या हाडात भिनलेले. पण तो डबा कितीतरी वेळ बंद पडून होता. डबा कितीही धुतलेला असो, पाणी वाहायचे थांबले की आतले पाणी साफ ठेवणारे जंतू गुदमरतात, मरतात, कुजतात. ते सगळे कुजलेले पाणी त्याने एका फटक्यात माशांच्या तोंडावर सोडले. काळा ढग आला. मासे वेड्यासारखे काचेवर आपटू लागले. एवाल्डने घाबरून नळी उपटली आणि तिची तोटी मोडली.

"अल्फॉन्सला फोन कर," तो म्हणाला. शिट्टीसारखा श्वास चालला होता त्याचा. "बचाव पथक बोलाव."

आमच्या मंडळाचे बचाव पथक होते. अल्फॉन्स खाणीच्या बचाव पथकात होता, त्यानेच हे काढले. कोणाचीही टाकी बिघडली की एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला फोन करायचा, मंडळाची बॅटरीवर चालणारी हवेची पेटी घेऊन जायचे, आणि धोका टळेपर्यंत घर सोडायचे नाही. नियम चांगला होता. अल्फॉन्स आणि आणखी तिघे आले. पेटी लावली. ती थोडा वेळ फुरफुरली आणि बंद पडली. मागच्या वेळेनंतर बॅटरी कोणी बदलली नव्हती. एकाने आपल्या गप्पी माशांचा हवेचा पंप आणला होता, तो लावला. सोफ्याएवढ्या टाकीत त्याचे बुडबुडे म्हणजे दर्यात खसखस. दुकाने बंद. घरात बदली पंप नव्हता. वसंतात बदली पंप घ्यायचा ठरला होता, पण त्या पैशाचा एवाल्डने निळा डॉक्टर नावाचा मासा आणला.

मग पथक स्वयंपाकघरात जाऊन बसले. घर सोडायचे नाही हा नियम त्यांनी पाळला. बाटल्या उघडल्या.

त्राउडे आली. कोट न काढता टाकीपाशी गेली. कैसर कोपऱ्यात तिरपा झाला होता, अंगाचा रंग राखेसारखा, कल्ले भात्यासारखे उघडमिट करत होते. तिने वास घेतला, खाली बघितले.

"डबा कोणी चालू केला?"

अल्फॉन्स दारात येऊन म्हणाला, "खाली झालेल्याची नावं वर घ्यायची नसतात, त्राउडे. माहीत आहे तुला."

खरेच आहे. खाणीत कोणाकडून चूक झाली हे वर येऊन कोणी बोलत नाही. त्याची बायको-पोरे असतात. तोच नियम त्यांनी पुढच्या खोलीत लावला.

"तू गेल्या आठवड्यात डबा नीट धुतला असतास तर ही घाण साठलीच नसती," एवाल्ड खुर्चीतून म्हणाला.

"रविवारी धुतला तिने," मी म्हणालो. "अंगणात. मी बघितलं."

"धुताना बघितलंस. धुतलेला बघितलास का?"

पथक हसले. त्राउडेने कोट काढला आणि कामाला लागली.

तिने दांड्याचे पातेले घेतले. पाणी उचलायचे, हात खांद्याएवढा वर न्यायचा, वरून धार सोडायची. पडताना पाणी हवा ओढून घेते. पातेले हलके दिसते. भरून खांद्यापर्यंत नेऊन बघा, मग पुन्हा, मग पुन्हा. मी तिला मधे सोडवले. थोड्याच वेळात माझे खांदे भरून आले आणि मी नळाचे लोखंडी पाने फिरवणारा माणूस. तेवढ्या वेळात ती तळघरात गेली. पिंपात मुरलेले खारे पाणी होते, पण थंडगार. त्यात गरम पाणी ओतले तर खारेपणा बिघडतो. म्हणून तिने बाटल्यांत उकळते पाणी भरले, बुचे घट्ट लावली आणि त्या पिंपात सोडल्या. बाटल्या थंड झाल्या की काढायच्या, पुन्हा भरायच्या. पाणी टाकीइतके कोमट झाले की काचेची तरंगती नळी सोडून खारेपणा बघायचा. टाकीतले घाण पाणी बादलीने काढायचे, हे हळूहळू घालायचे. जिना वर, जिना खाली. हे त्या गुडघ्यांनी.

"त्राउडे, कॉफी आहे का गं?" स्वयंपाकघरातून.

"त्राउडे, वाटाण्याचं सूप कालचं आहे ते गरम करू का आम्ही?"

"करा."

"चमचे कुठे ठेवतेस?"

"तोंडात घाला बोटं!" ती ओरडली, आणि आत पुन्हा हशा झाला. अल्फॉन्स म्हणाला, "एवाल्ड, तुझ्या बायकोच्या तोंडाला फिल्टर लाव रे."

दुपारपर्यंत निळा डॉक्टर मासा मेला. बारके मासेही गेले. मेलेला मासा पाण्यात राहिला की पाणी आणखी नासते. ती एकेक कपाने उचलून वर्तमानपत्रावर ठेवत होती. विदूषक माशांच्या जोडीतला नर पाठीवर पडून गोल फिरत होता. तिने तो ओट्यावर घेतला आणि सुरीच्या पाठीने एकच घाव घातला.

एवाल्डला आवाज ऐकू आला. "मारलास? वाचला असता तो!"

"नसता."

"तुला घाई. तुला सगळ्याची घाई."

"त्याला त्रास होत होता, एवाल्ड."

"मलाही होतो. माझ्या वेळी सुरी आणशील?"

तिने ओटा पुसला आणि पातेले उचलले.

तिसऱ्या प्रहरी मी तिच्यामागे तळघरात गेलो. ती पिंपाच्या कडेला हात टेकून उभी होती. खाली बसली असती तर उठता आले नसते, म्हणून उभी.

"एवढं मरतेस कशाला त्या माशासाठी?" मी विचारले.

"माशासाठी कोण मरतंय? लोथार, मला ती टाकी घराबाहेर काढायची आहे. कैसर मेला तर दंतवैद्य टाकी नेणार नाही. टाकी रिकामी राहिली की हा पुन्हा भरणार. त्याला रिकामं काही बघवत नाही, माझा पगाराचा लिफाफासुद्धा." तिने बाटली काढून गालाला लावून बघितली, अजून कोमट होती, परत पाण्यात सोडली. "मासा फक्त त्या शनिवारपर्यंत जगायला हवा. पुढे दंतवैद्याचं नशीब."

संध्याकाळी कैसर सरळ झाला. सरळ म्हणजे काय, पोट खाली आणि पाठ वर. एवढ्यावर पथकाने धोका टळल्याचे जाहीर केले, सूप संपवून झालेच होते, टोप्या चढवल्या आणि गेले. अल्फॉन्स जाताना एवाल्डचा खांदा थोपटून म्हणाला, "लढलास, गड्या."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर मी एसेन शहरातून पंप आणला. डब्याची तोटी बसवली. डबा पूर्ण रिकामा करून, घासून, नव्याने भरला. यंत्राचे काम तिथे संपले. माशाचे काम सुरू झाले.

धक्का बसलेल्या माशाला काय हवे असते हे सोपे आहे आणि कोणालाच ते जमत नाही. त्याला काही नको असते. उजेड नको, खाणे नको, जाळे नको, काचेवर टकटक नको. पाणी स्वच्छ, पाणी हलते, पाणी तेवढेच उबदार. त्राउडेने टाकीच्या काचेवर घोंगडी टांगली. पाण्यात विष किती आहे ते थेंब टाकून रंगावर बघायची आणि रंग हिरवा निघाला की पुन्हा पिंप, पुन्हा बाटल्या, पुन्हा बादल्या. कैसरच्या परांच्या कडा फाटून लोंबत होत्या. तो डोके खाली करून खडकाच्या फटीत उभा असायचा.

एवाल्डला घोंगडी बघवत नव्हती. "मढं झाकल्यासारखी टाकलीस."

"अंधारात त्याला बरं वाटतं."

"आयुष्यभर अंधारात काम केलं मी. बरं वाटत नाही. खायला घाल त्याला."

"खाणार नाही. टाकलेलं कुजेल."

शुक्रवारी ती डेपोत असताना त्याने घोंगडी उचलून मूठभर कोळंबी आत टाकली. ती आली तेव्हा पाणी ताकासारखे झाले होते आणि कैसर पुन्हा वर येऊन तोंड उघडत होता. तिने नळीने कुजकी कोळंबी ओढून काढली. मी दारात होतो. मला वाटले आता ही बोलेल. ती म्हणाली, "पाय वर घे, नळी जाऊ दे," आणि त्याच्या खुर्चीखालून नळी नेली.

त्या दिवसापासून ती कोळंबीचा डबा कामावर घेऊन जाऊ लागली. एवाल्डने वस्तीभर सांगितले की बायको माशांचे खाणे चोरते.

पुढचा आठवडा असाच गेला. डेपो, तळघर, जिना. तिच्या हातांना मिठाने चिरा पडल्या, त्यात डेपोतले साबणाचे पाणी. चालताना ती भिंतीला हात लावू लागली. मुकादमाने नवी बाई ठरवल्याचे तिने मला सांगितले; तरुण आहे, म्हणाली, बाकाखाली शिरते की नाही बघायला हवे.

गुरुवारी आठवडी बाजारातून तिने काळे शिंपले आणले. त्यातला एक सुरीने उघडला, पण मांस कवचातून सोडवले नाही. ते तसेच टाकीच्या तळाशी ठेवले. हा मासा समुद्रात खडकावरचे कुरतडून खातो. सुटे तुकडे दिले तर आजारी असताना बघतही नाही. तिने घोंगडीची एक कड वर केली आणि थांबली. पुष्कळ वेळ काही झाले नाही. मग कैसर फटीतून बाहेर आला. शिंपल्यापाशी आला, मागे गेला, पुन्हा आला. आणि त्याने मांस ओढले.

त्राउडेने तोंडावर हात धरला. मग तिने जे केले ते कोणीही केले असते.

"एवाल्ड," तिने हाक मारली. "ये. खातोय."

एवाल्ड खुर्चीतून उठला, तिच्या खांद्यावर भार टाकून टाकीपाशी आला. कैसरने आणखी एक लचका तोडला. फाटके पर, फिकट पट्टे, पण खात होता. एवाल्ड रडायला लागला. खाणीत त्याचा भाऊ दगडाखाली गेला तेव्हा तो रडला नव्हता, मी होतो तिथे. त्याने कपाळ काचेला टेकले आणि म्हणाला, "श्वास नव्हता रे तुला. आणि तरी."

शनिवारी दंतवैद्य मोठी गाडी, दोन माणसे आणि झाकणांची पिंपे घेऊन आले. मंडळही आले होते, टाकीचा निरोप म्हणून. एवाल्डने दाढी केली होती. मंडळाचा बिल्ला लावलेला कोट घातला होता. खुर्चीत बसलेला नव्हता, उभा होता, एक हात टाकीवर.

"डॉक्टरसाहेब," तो म्हणाला, "तुमचा फेरा फुकट गेला. मी देत नाही."

"पण आपलं ठरलं होतं ना, नोवोटकासाहेब?"

"ठरलं तेव्हा हा मासा होता. आता हा माझा खाणीतला सोबती आहे. श्वास कोंडला तरी मेला नाही. दात उपटून घ्यायला आलेल्या लोकांपुढे नाचवायला मी त्याला देणार नाही."

अल्फॉन्सने टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली. कोणीतरी म्हणाले, शाब्बास. दंतवैद्य भला माणूस. त्यांनी एकदा त्राउडेकडे बघितले. ती हातात ओले फडके घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"एवाल्ड," ती म्हणाली, "मी डेपोत सांगितलंय."

"मग सोमवारी सांग, सोडत नाही म्हणून."

"त्यांनी दुसरी बाई ठरवली आहे."

"तिला नको म्हणून सांगू देत. तू जुनी आहेस. तुझी कदर करतील."

"हात दिला होतास तू. या सगळ्यांसमोर."

अल्फॉन्सने घसा खाकरला. "त्राउडे, माणसाकडे बघ जरा. कित्येक महिन्यांत आज पहिल्यांदा तो आपल्या पायांवर उभा आहे. काढून घेणार आहेस का त्याच्याकडून? मग सरळ त्याचा श्वासच काढून घे की."

"माझे पाय?" ती म्हणाली.

"तुला कोण म्हणालं होतं एवढं राबायला?" एवाल्ड म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरेच समजत नव्हते. "माझ्यासाठी केलंस ना? मग झालं तर."

तिने माझ्याकडे बघितले. मी म्हणालो, "एवाल्ड, दिलेला हात म्हणजे दिलेला हात." तो म्हणाला, "लोथार, तुझी छाती साफ आहे. तू गप्प बस." आणि मंडळाला ते पटले. आमच्या वस्तीत धुळीच्या छातीपुढे कोणाचे काही चालत नाही.

दंतवैद्यांची माणसे रिकामी पिंपे परत घेऊन गेली. अल्फॉन्सने बाटली उघडली, कैसरच्या नावाने प्याले उचलले गेले. प्याले धुवायला त्राउडे होतीच.

सोमवारी ती मुकादमापुढे उभी राहिली. तिची जागा गेली होती. त्याने तिला दुसरी दिली, गाड्यांच्या पोटाखालच्या खड्ड्यातली, तेलकट चाके घासायची. पगार थोडा कमी, काम पूर्ण उताणे पडून. गुडघ्यांना बरे, असे एवाल्ड म्हणाला.

तिने ते काम एवाल्ड असेपर्यंत केले, आणि एवाल्ड वस्तीच्या अंदाजापेक्षा बराच टिकला. डॉक्टर म्हणत, त्याला जगायला काहीतरी आहे. तो गेला त्या वर्षी कैसर धडधाकट होता. एवाल्डने मासे मंडळाच्या नावे केले होते. अल्फॉन्स आणि मंडळी आली, कैसरला नेले, मंडळाच्या तळघरातल्या टाकीत सोडले आणि काचेवर पितळी पट्टी लावली. तिच्यावर एवाल्डचे नाव आहे.

मोठी टाकी मंडळाला नको होती. फार जुनी, फार जड, कडांतून झिरपणारी. दंतवैद्यांनी केव्हाच दुसरी घेतली होती. त्राउडेने तीन ठिकाणी फुकट देऊ केली, कोणी नेली नाही.

डेपोतला शेवटचा पगार हातात आला तेव्हा तिने भंगार नेणाऱ्या माणसांना बोलावले. दार अरुंद, टाकी अख्खी निघेना. माणसांनी काचेवर पोती टाकली आणि घण घातले. तुकडे, खडक, मिठाने खाल्लेले लोखंडी पाय, सगळे बादल्यांनी गाडीत गेले. बादल्या ती भरत होती. तेवढीच मजुरी कमी पडेल म्हणाली. त्यांनी कमी केली नाही. तिचा शेवटचा पगार त्यातच गेला.